सोलर पॅनल सगळ्यात शेवटी: अभयारण्याच्या दारातलं व्हिजिटर सेंटर कमी कार्बनमध्ये कसं बांधतात

कुठल्याही संरक्षित जंगलाच्या किंवा पाणथळ जागेच्या तोंडाशी नवीन व्हिजिटर सेंटर होणार अशी बातमी आली की हल्ली तिच्यात "नेट झिरो" (म्हणजे वर्षभरात वापरते तेवढी ऊर्जा इमारत स्वतःच बनवते), "कार्बन न्यूट्रल", "ग्रीन बिल्डिंग" यातला एखादा शब्द असतोच, सोबत चकचकीत काचेच्या इमारतीचं चित्र आणि छपरावर सोलर पॅनल. वाचणाऱ्याला वाटतं चला बरं झालं, सोलर लावलं म्हणजे प्रश्न मिटला. मला हा विषय खूप जवळचा आहे आणि म्हणूनच सांगते, सोलर हा या सगळ्यातला शेवटचा निर्णय असायला हवा, आणि बहुतेक वेळा तो पहिला घेतला जातो. आधी कळस मग पाया अशातला प्रकार. क्रम एकदा समजला की असा कुठलाही आराखडा समोर आला तरी त्यात काय खरं आहे आणि काय नुसतं दाखवायला आहे हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

व्हिजिटर सेंटर म्हणजे फार मोठं काही नसतं. तिकीट आणि माहितीचा काउंटर, नकाशे, छोटं प्रदर्शन, फिल्म दाखवायची एक खोली, टॉयलेट, जमलं तर कॅन्टीन आणि दुकान. लोक तासभर थांबतात आणि आत जंगलात जातात. पण जिथे निसर्ग वाचवायला म्हणून कुंपण घातलंय तिथेच आपण ही इमारत उभी करतोय, त्यामुळे तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवणं मला रास्त वाटतं.

कार्बन दोन ठिकाणी असतो

इमारतीचा कार्बन म्हणजे तिच्यामुळे हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड आणि तसलेच वातावरण तापवणारे वायू, सगळे मिळून. तो दोन हप्त्यांत जातो. पहिला बांधतानाच, म्हणजे सिमेंट, स्टील, काच, विटा बनवायला, त्या साइटवर आणायला आणि उभारायला जो लागला तो. याला बांधकामातला कार्बन म्हणू. दुसरा हप्ता इमारत सुरू झाल्यावर दर महिन्याला जातो, एसी, हीटर, दिवे, पंप, फ्रीज यांच्या विजेतून आणि इंधनातून. तो वापरातला कार्बन. बस, या लेखात एवढेच दोन शब्द लक्षात ठेवायचे.

बातम्यांमध्ये जवळजवळ नेहमी दुसऱ्याच हप्त्याबद्दल बोलतात कारण तो बिलावर दिसतो. पहिला दिसत नाही, तो उद्घाटनाची फीत कापायच्या आधीच हवेत गेलेला असतो आणि नंतर कितीही पॅनल लावली तरी परत येत नाही.

सिमेंटचंच बघा. चुनखडी भट्टीत साधारण १,४५० अंशांपर्यंत तापवतात, त्यासाठी इंधन जळतं हे तर आहेच, पण खरी गोम अशी की चुनखडीच्या दगडातच कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो आणि तापवल्यावर तो सुटतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला अर्ध्याहून जास्त भाग हा असा दगडातूनच आलेला असतो. म्हणजे उद्या भट्टी पूर्ण स्वच्छ विजेवर चालवली तरी तो भाग तसाच राहणार. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो. स्टीलचंही तसंच, लोहखनिजापासून नवीन स्टील बनवताना टनामागे साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड जातो. भंगार वितळवून केलं तर याच्यापेक्षा खूप कमी.

पहिला प्रश्न: एवढं बांधायचंच का?

सगळ्यात कमी कार्बनची भिंत म्हणजे जी बांधलीच नाही ती. ऐकायला सोपं वाटतं पण मीटिंगमध्ये हे बोलणं अवघड जातं कारण तिथे प्रत्येकाला काहीतरी जोडायचं असतं, एक हॉल अजून, एक व्हीआयपी खोली अजून.

अमेरिकेतल्या युटा राज्यात झायन नॅशनल पार्क आहे, वाळवंटी भाग, उंच लाल कडे. तिथलं व्हिजिटर सेंटर २००० साली सुरू झालं आणि कमी ऊर्जेच्या इमारतींचं उदाहरण म्हणून आजही त्याचं नाव घेतलं जातं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला निर्णय कुठलंही यंत्र बसवायचा नाहीये. त्यांनी प्रदर्शनाचा बराच भाग बाहेर सावलीत मांडला, झाडाखाली आणि मांडवाखाली. लोक तसेही बाहेर फिरायलाच आलेले असतात. मग गार किंवा गरम ठेवावी लागणारी बंद जागा आपोआप लहान झाली, भिंती कमी, छप्पर कमी, एसीचा भार कमी, पुढचं सगळंच कमी.

म्हणून आराखडा हातात आला की प्रत्येक खोलीला विचारायचं, तुला दार आणि खिडक्या पाहिजेतच का? रांग लावायची जागा, बसायची जागा, नकाशे बघायची जागा, शाळेच्या मुलांना गोळा करून माहिती सांगायची जागा, हे सगळं रुंद पडवीत भागतं. बंद खोली लागते ती पावसाने किंवा ऊन-थंडीने खराब होणाऱ्या वस्तूंना, फिल्मला आणि दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या स्टाफला.

दुसरा मार्ग म्हणजे आधीच उभी असलेली इमारत वापरणं. डेन्मार्कमधलं वॉडन सी सेंटर २०१७ मध्ये नव्या रूपात उघडलं, तिथे जुनी इमारत ठेवून तिला जोडून वाढवलं आणि छपराला, भिंतींनाही त्या किनारी भागात परंपरेने वापरतात तो वाळलेला बोरू (पाणथळीत वाढणारं उंच गवत) लावला. जुन्या इमारतीचा पाया, सांगाडा यांचा कार्बन केव्हाच जाऊन चुकलेला असतो, ती पाडली की तो वाया जातो आणि नवा परत सोडावा लागतो. जुनी चौकी, गोदाम, बंद पडलेलं रेस्टहाऊस असं काही असेल तर आधी त्याच्याकडे बघायलाच पाहिजे.

जागा निवडतानाच निम्मं ठरतं

इथे थोडं थांबू, कारण इथली चूक नंतर कशानेच भरून निघत नाही. जमिनीतही कार्बन असतो, आणि काही जमिनींत अफाट असतो. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साठत गेलेल्या वनस्पतींचा काळा थर. असली जमीन जगाच्या भूभागाच्या जेमतेम ३ टक्के आहे पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याच्यापेक्षा जास्त तिच्यात साठलेला आहे. पाणी आहे तोवर तो टिकतो. इमारतीसाठी चर खणून पाणी काढलं की थराला हवा लागते, तो कुजायला लागतो आणि वर्षानुवर्षं कार्बन सोडत राहतो. अशा जागी छपरावर कितीही पॅनल लावा, खाली जमीनच धूर सोडतेय.

म्हणून जागा निवडायची ती आधीच बिघडलेली: जुनं पार्किंग, सोडून दिलेली खाण, रस्त्यालगतची कडा. दृश्य सगळ्यात सुंदर जिथून दिसतं तिथे बांधायचा मोह आवरायला हवा, तिथवर माणसं चालत जाऊ शकतात.

इंग्लंडमध्ये लँकेशर परगण्यातलं ब्रोकहोल्स हे याचं छान उदाहरण आहे. वाळू-खडी काढलेल्या जुन्या खाणीत पाणी साठून पाणथळ अधिवास झाला आणि २०११ मध्ये तिथे जे सेंटर उघडलं ते चक्क पाण्यावर तरंगतं. जागा पुराची, त्यामुळे भराव घालून उंच जोतं बांधण्यापेक्षा त्यांनी सगळं एका पोकळ तरंगत्या तराफ्यावर ठेवलं, पाणी चढलं की इमारतही चढते. हे सगळीकडे करा असं मी म्हणत नाही, त्या तराफ्यालाही काँक्रीट लागलंच. पण जमिनीला स्वतःप्रमाणे बदलण्यापेक्षा इमारतीने जमिनीप्रमाणे वागायचं, हा विचार घेण्यासारखा आहे. साध्या जागेवर याचंच रूप म्हणजे खांबांवर उचललेली इमारत. काही ठिकाणी तर जमिनीत स्क्रूसारखे पिळून बसवायचे स्टीलचे खांब वापरतात, खोदकाम जवळजवळ नाही, काँक्रीट नाही, पावसाचं पाणी खालून नेहमीच्या वाटेने वाहतं आणि मुळंही बरीचशी वाचतात.

ही इमारत घरासारखी वागत नाही

घरात माणसं रात्री असतात. ऑफिसात दिवसभर तेवढीच माणसं असतात. व्हिजिटर सेंटरमध्ये मात्र सकाळी आठला चार माणसं, साडेदहाला दोन बस येऊन थांबल्या की शंभर, बारा वाजता परत दहा, आणि संध्याकाळी कुलूप. या लयीकडे लक्ष दिलं तर निम्मी यंत्रं लागतच नाहीत.

एक माणूस नुसता उभा असला तरी साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. शंभर माणसं हॉलमध्ये आली म्हणजे १० किलोवॉटची शेगडी पेटवल्यासारखं. इंजिनिअर जर त्या एका गर्दीच्या वेळेचा हिशोब धरून बंद हॉलसाठी एसी निवडणार असेल तर यंत्र भलंमोठं येणार आणि उरलेला दिवस उगाच चालणार. त्यापेक्षा छप्पर उंच ठेवायचं, वर झरोके ठेवायचे, गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि झरोक्यातून निघून जाते, खालून गार हवा आत येते. पंख्याचीही गरज नसते कित्येकदा.

आणि रात्री इमारत रिकामी असते हा तर मोठाच फायदा. जाड दगडी किंवा मातीची भिंत म्हणजे उष्णतेची टाकी समजा. दिवसा ती हळूहळू भरते, रात्री खिडक्या उघड्या ठेवून गार वारा खेळवला की रिकामी होते आणि सकाळी पुन्हा भरायला तयार. घरात रात्री खिडक्या उघड्या टाकायला लोक कचरतात, डास, चोर, थंडी. इथे जाळी आणि झडपा लावून हे बिनधास्त करता येतं. (जाळी मजबूत पाहिजे, माकडं, वटवाघळं, साप यांच्याच घरात आपण आलोय.)

अजून एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. पाहुणा बाहेरून आलेला असतो आणि बाहेरच जाणार असतो. थंड प्रदेशात त्याच्या अंगात जॅकेट असतं, त्याला हॉल २२ अंशांवर ठेवून काय करायचाय, १६-१७ ला तो खूश असतो. उलट गरम प्रदेशात ३८ अंशांतून आलेल्याला सावली, पंखा आणि २८ अंश म्हणजे सुटकाच वाटते. थंडी किंवा गारवा जास्त लागतो तो आठ तास बसणाऱ्या स्टाफला, मग त्यांची छोटी खोली नीट गरम किंवा गार ठेवा, त्यांच्यावर अन्याय नको, पण त्यासाठी अख्खा हॉल कशाला?

कोरडं, दमट, थंड: उत्तर वेगवेगळं

झायनमध्ये हवा कोरडी आहे. तिथे इमारतीवर उंच मनोरे आहेत, मनोऱ्याच्या वरच्या टोकाला जाळीदार पॅडवर पाणी सोडतात, वाऱ्याने ते सुकतं, सुकताना हवा गार होते, गार हवा जड असते म्हणून आपल्याआपच मनोऱ्यातून खाली इमारतीत उतरते. मातीच्या मडक्यातलं पाणी गार होतं तेच विज्ञान. पंखा नाही, लागते ती फक्त पाणी वर चढवायच्या छोट्या पंपाची वीज. हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे एक जाड भिंत आहे जिच्या बाहेरून काच लावलेली आहे, दिवसभर ऊन काचेतून येऊन भिंत तापवतं आणि काही तासांनी ती ऊब आत पोचते.

हेच मनोरे दमट किनाऱ्यावर उभारले तर शोभेचे खांब होतील, कारण हवेत आधीच ओलावा भरलेला असला की पाणी सुकत नाही. तिथे वारा हाच मित्र, आरपार खिडक्या, अरुंद आणि लांब इमारत, मोठी वळचण, छताचे पंखे. आणि बर्फाच्या प्रदेशात उलटंच, इमारत जितकी गोळा होऊन बसेल तितकं चांगलं, भिंतींना उष्णता अडवणारं जाड अस्तर आणि फटी बंद. फटी असलेल्या इमारतीला गरम करणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं, नळ मोठा करून उपयोग नाही, भोक बुजवायला हवं.

म्हणून दुसऱ्या देशातल्या बक्षीसपात्र इमारतीचा फोटो दाखवून "आम्हाला असंच पाहिजे" म्हणणं मला धोक्याचं वाटतं. फोटोत रूप दिसतं, हवामान दिसत नाही.

भिंती कशाच्या करायच्या

दक्षिण आफ्रिकेतलं मापुंगुब्वे नॅशनल पार्कचं सेंटर हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. २००९ मध्ये वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिव्हलमध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम इमारतीचा पुरस्कार मिळाला. वास्तुकार पीटर रिच. छप्पर म्हणजे कमानदार घुमट, आणि ते घुमट तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या पातळ टाइल्सचे. या टाइल्स आसपासच्या लोकांनी हाताने बनवल्या, त्यांना त्याचं शिक्षण आणि रोजगार मिळाला. कमानीचा आकारच असा असतो की सगळं वजन दाबातून खाली उतरतं, ताण पडत नाही, म्हणून घुमटात स्टीलच्या सळया जवळजवळ लागल्याच नाहीत. विटा भाजल्या नाहीत, म्हणजे भट्टीचं इंधन वाचलं. माती तिथलीच, म्हणजे ट्रकच्या फेऱ्या वाचल्या. रंगही आसपासच्या दगडासारखाच आला.

मातीला पाण्याची भीती असते हे खरं आहे, आणि हा आक्षेप कायम येतो. त्याचं उत्तर जुनंच: खाली दगडी जोतं, वर रुंद वळचण, आणि दर काही वर्षांनी दुरुस्ती करणारा माणूस. ज्यांना दुरुस्ती अजिबात नको त्यांनी मातीच्या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

मग लाकूड. इथे लगेच कोणीतरी म्हणतं, जंगल वाचवायचं केंद्र आणि त्यालाच झाडं तोडायची? प्रश्न अगदी योग्य आहे. झाड हवेतला कार्बन घेऊन खोड बनवतं, कोरड्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं. पाइनसारख्या लाकडाच्या एक घनमीटरमध्ये साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो, आणि ते लाकूड इमारतीत शंभर वर्षं राहिलं तर तो तेवढा काळ हवेबाहेर राहतो. पण हा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा तोडलेल्या जागी पुन्हा झाड वाढतंय, म्हणजे लागवडीचं, नीट प्रमाणपत्र असलेलं लाकूड. शंभर-दोनशे वर्षांचं नैसर्गिक जंगल तोडून आणलेलं लाकूड कमी कार्बनचं म्हणून खपवणं ही शुद्ध फसवणूक. जुन्या पाडलेल्या इमारतींचे वासे मिळाले तर सगळ्यात उत्तम. बांबू तर तीन ते पाच वर्षांत कापायला तयार होतो, त्याला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडची प्रक्रिया करून कीड रोखता येते, फक्त त्याला सतत पाऊस आणि थेट ऊन लागू द्यायचं नाही.

आणि काँक्रीट अजिबातच नको असंही नाही. पायाला, पाण्याच्या टाकीला ते लागतं. मग तिथे पोलाद कारखान्यातली धातूची मळी (स्लॅग) किंवा भाजलेली चिकणमाती मिसळून केलेलं सिमेंट मागायचं, त्यात भट्टीतला भाग कमी असतो. मागितलंच नाही तर ठेकेदार नेहमीचंच आणणार.

काचेचा मोह

निसर्ग दिसला पाहिजे म्हणून जमिनीपासून छपरापर्यंत काच, हे तर ठरलेलंच असतं जणू. पण काचेतून ऊन सरळ आत येतं आणि उष्णता आत अडकते, थंड प्रदेशात तीच काच रात्री ऊब बाहेर घालवते. पूर्व-पश्चिमेची काच सगळ्यात त्रासदायक, कारण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन वळचणीखालून आत घुसतं.

आणि पक्षी. त्यांना काच दिसत नाही, तिच्यात दिसतं ते आभाळ आणि झाडांचं प्रतिबिंब, आणि ते पूर्ण वेगाने येऊन आदळतात. एकट्या अमेरिकेत दरवर्षी ३६ कोटी ते जवळपास १०० कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात असा २०१४ मधल्या संशोधनाचा अंदाज आहे. पक्षी वाचवायच्या केंद्राच्या खिडकीखाली मेलेले पक्षी सापडावेत यापेक्षा वाईट काय. उपाय अवघड नाहीये, काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके किंवा रेघा, एकमेकांपासून साधारण ५ सेंटीमीटरवर. ससाण्याचं एकच स्टिकर चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि तिथे काचच असते. त्याहून चांगलं म्हणजे काच कमी करून नेमक्या दृश्याकडे दोन-तीन खिडक्या ठेवणं.

रात्रीचे दिवे हा याचाच भाग. सेंटर रात्री बंद असतं, मग बाहेरचे दिवे कशाला? सुरक्षेसाठी लागतातच तेवढे पायाशी, खाली तोंड केलेले, पिवळसर रंगाचे आणि कोणी आलं तरच लागणारे. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे जास्त खेचले जातात. वीज वाचते हा इथे वरचा फायदा.

आता सोलरकडे या

एवढं सगळं झाल्यावर इमारतीला किती वीज लागते ते मोजायचं, आणि मग तेवढीच पॅनल लावायची. झायनच्या सेंटरवर सुरुवातीला जी सोलर यंत्रणा बसवली ती फक्त ७.२ किलोवॉटची होती, आधी गरज कमी केली होती ना. उलट्या क्रमाने गेलं तर खर्चिक इमारतीला पोसायला शेतभर पॅनल लागतात आणि मग त्यांना ऊन मिळावं म्हणून झाडं तोडायची वेळ येते. हे मला सहनच होत नाही.

व्हिजिटर सेंटरचं नशीब असं की ऊन असतं तेव्हाच माणसं असतात, म्हणजे वीज बनते तेव्हाच वापरली जाते आणि बॅटरी छोटी पुरते. पाण्याचा पंप, गाड्यांचं चार्जिंग अशी कामं दुपारी लावली की बॅटरीवरचा भार अजून उतरतो. लाइन जवळ असेल तर जोडून घ्यावी, पूर्ण स्वतंत्र राहायच्या हट्टापायी तीन ढगाळ दिवसांसाठी बॅटऱ्यांचं कोठार बांधणं किंवा मागे डिझेल जनरेटर ठेवणं हे काही कमी कार्बनचं लक्षण नाही. लाइन खूप लांब असेल आणि तिच्यासाठी जंगलातून पट्टा तोडावा लागणार असेल तर मात्र बॅटरीच बरी.

गरम-गार करायला यंत्र लागलंच तर हीट पंप घ्यावा. तो उष्णता नवीन बनवत नाही, बाहेरची उचलून आत आणतो (किंवा उलट), त्यामुळे १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. पण त्यात कुठला गॅस भरलाय हे विचारा. आर-४१०ए नावाचा गॅस वर्षानुवर्षं सर्रास वापरला गेला, त्याचा १ किलो गळला तर वातावरण तापायला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइडइतका हातभार लागतो. प्रोपेनवर चालणारी यंत्रं आता मिळतात, त्याचा असा परिणाम नगण्य असतो, फक्त तो जळणारा वायू असल्यामुळे बसवणारा जाणकार पाहिजे.

पाण्याबद्दल थोडक्यात: अशा ठिकाणी सगळ्यात जास्त पाणी टॉयलेटला जातं आणि पाणी म्हणजे पंपाची वीज. छपराचं पाणी साठवून फ्लशला वापरता येतं, दुर्गम जागी कंपोस्ट टॉयलेट चांगले चालतात, वास येतो ही भीती असते पण वर खेचणारा पाइप आणि नियमित साफसफाई असेल तर येत नाही.

पण गाड्यांचं काय?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि खरा आकडा इथेच आहे. एक अंदाजाचा हिशोब करू. समजा सेंटर ५०० चौरस मीटरचं आहे आणि नेहमीच्या पद्धतीने बांधल्यामुळे चौरस मीटरमागे ५०० किलो कार्बन डायऑक्साइड गेला, म्हणजे एकूण २५० टन, एकदाच. समजा वर्षाला ३०,००० युनिट वीज लागते आणि ती सगळी कोळशाची आहे, युनिटमागे साधारण १ किलो, म्हणजे वर्षाला ३० टन.

आता समजा रोज १०० गाड्या येतात, वर्षात ३०० दिवस, येऊन-जाऊन ६० किलोमीटर, लिटरला १५ चं मायलेज. म्हणजे गाडीमागे ४ लिटर. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो (लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग एवढा कसा? जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो म्हणून). गाडीमागे ९ किलोच्या वर, ३०,००० गाड्यांचे जवळजवळ २७५ टन. दरवर्षी. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या बांधकामापेक्षा जास्त कार्बन पार्किंगमध्ये येणाऱ्या गाड्या एका वर्षात सोडतात.

झायनने इथेही वाट दाखवली. सेंटर उघडलं त्याच वर्षी, २००० मध्ये, त्यांनी शटल बस सुरू केली आणि बस चालू असते त्या काळात मुख्य दरीच्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद केल्या. सेंटर म्हणजेच बसचा मुख्य थांबा. २०२४ पर्यंत त्या सगळ्या बस विजेवर आल्या. म्हणून सेंटरची जागा ठरवताना बस कुठे वळणार, स्टेशनपासून कोण कसं येणार, सायकल कुठे लावायची हे भिंतींच्या आधी कागदावर यायला पाहिजे. पार्किंग मोठं केलं की गाड्या वाढतात, हे जगभर दिसलेलं आहे.

"पण असं बांधणं महाग पडतं ना?"

काही गोष्टी महाग पडतात, खोटं कशाला बोलू. चांगल्या खिडक्या, जाड अस्तर, हीट पंप, जाणकार माणसं यांना सुरुवातीला पैसे जास्त लागतात. पण इमारत लहान केली, काच कमी केली, एसी छोटा झाला किंवा गेलाच, तर तिथे पैसे सुटतात आणि ते इकडे वळवता येतात. गडबड होते ती तेव्हा, जेव्हा नेहमीचीच इमारत काढून झाल्यावर तिच्यावर "ग्रीन" गोष्टी चिकटवतात, तेव्हा प्रत्येक गोष्ट वरखर्चच वाटणार आणि पैसे कमी पडले की तीच आधी कापली जाणार. म्हणून वास्तुकार, इंजिनिअर, जंगलाचा अभ्यासक आणि उद्या ते सेंटर चालवणारे लोक पहिल्या मीटिंगपासून एकत्र बसले पाहिजेत.

चालवणारी माणसं

झरोके उघडायचे कोणी, कधी? रात्रीच्या वाऱ्यावर चालणाऱ्या इमारतीत संध्याकाळी जाताना कोणीतरी झडपा उघडाव्या लागतात आणि सकाळी ऊन चढायच्या आत मिटाव्या लागतात, हे काम ज्याचं त्याला नीट समजावलेलं नसेल तर दुसऱ्या उन्हाळ्यात कोणीतरी खिडकीत एसी बसवतं आणि सगळा आराखडा पाण्यात जातो. त्यामुळे दाराशेजारी चार ओळींची पाटी लावा, बदली होऊन आलेल्या नव्या माणसालाही कळेल अशी.

आणि दिवे, पंखे-एसी, पंप, कॅन्टीन यांना वेगवेगळे मीटर लावा, एकच मोठा मीटर असला की बिल वाढलं एवढंच कळतं, का वाढलं ते कळत नाही. "नेट झिरो" असं कागदावर लिहून मिळालेली इमारत खरंच तशी चालतेय का हे पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांवरूनच ठरतं, आणि ते आकडे प्रवेशद्वारावरच लोकांना दिसतील असे लावायला हवेत. स्टाफने एक सवय मात्र रोज ठेवायची: सकाळी आल्यावर आधी रात्री एक वाजताचं रीडिंग बघायचं. तेव्हा इमारतीत कोणी नसतं, फार तर एखादा फ्रीज आणि कॅमेरे चालू असतात, आणि तरीही आकडा मोठा दिसला तर कुठला तरी पंप, स्क्रीन किंवा हीटर रात्रभर चालू राहिलाय, तो शोधून बंद करायचा.